नदीला दिलेला शब्द



गेल्या वर्षी पोळ्याच्या सुमारास आमच्या वस्तीतील एका वृद्ध गृहस्थांनी मला एक प्रश्न विचारला. मी शाळामास्तर. प्रश्न आला की उत्तर द्यायचेच, ही सवय जिभेला लागलेली. मी तत्काळ उत्तर दिले आणि ते चुकले. ज्यांच्या घरात दीक्षा नवी आहे, ज्यांच्या भिंतीवर देव्हाऱ्याची जागा अजून पांढरी दिसते, त्यांच्याकडे हाच प्रश्न कोणत्या ना कोणत्या रूपाने येणार आहे. म्हणून तो आपल्यापुढे सविस्तर ठेवतो.

या गृहस्थांना सारी वस्ती तात्या म्हणते. त्यांच्या कुटुंबाने दोन वर्षांपूर्वी दीक्षा घेतली, बावीस प्रतिज्ञा म्हटल्या. त्याच्याही तीन वर्षे आधी त्यांचा नातू तापाने फणफणला होता. ताप मेंदूपर्यंत गेला आहे, असे डॉक्टर म्हणाले. त्या रात्री तात्या नदीवर गेले आणि पाण्यात उभे राहून बोलले, “माय, माझं लेकरू वाचव. तुझ्या उगमापासून समिंदरापोत्तर पायी चालीन.” आमच्याकडे गोदावरीला गोदावरी कोणी म्हणत नाही, ती गंगा, आणि तिच्या काठचा मुलूख ती गंगथडी. लेकरू वाचले. औषधाने वाचले, हे तात्यांनाही ठाऊक आहे. चालायचे मात्र राहून गेले, आणि मध्ये दीक्षा झाली.

पोळ्याच्या आदल्या आठवड्यात नातवाला पुन्हा दोन दिवस ताप आला. घरातल्या बायका कुजबुजू लागल्या, गंगा कोपली. तात्या माझ्याकडे आले आणि म्हणाले, “गुरुजी, चौथं शील काय? खोटं बोलायचं न्हाई. म्या गंगेला शब्द दिला व्हता. आता बौद्ध झालो म्हणून तो मोडला, तर ते खोटं व्हतं का न्हाई?”

मी हसलो. म्हणालो, “तात्या, नदीला काय कान आहेत का?”

तात्या थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “नदीला नसतील, गुरुजी. मला हायेत.” आणि उठून गेले.

बंधूंनो, हसणे हे उत्तर नव्हे, हे मला त्या दिवशी समजले. नव्या बौद्धाची चेष्टा जुने लोक करतातच; निदान आपण तरी करू नये. दुसऱ्या दिवशी मी तात्यांच्या घरी गेलो, माफी मागितली आणि म्हणालो, आपण हा प्रश्न दोघे मिळून सोडवू.

प्रथम नदी किती लांब आहे ते पाहू. त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर ती उगम पावते. तेथून पश्चिमेचा समुद्र सुमारे ऐंशी किलोमीटर. पण ती त्याच्याकडे पाठ फिरवून पूर्वेला निघते आणि १४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. नाशिक, पैठण, मग आपल्या बीड जिल्ह्याची गेवराई, माजलगाव, परळीकडची उत्तर सीमा, पुढे नांदेड, बासर, राजमहेंद्री. दिवसाला पंधरा किलोमीटर धरले तर एका काठाने अठ्ठ्याण्णव दिवस लागतात. तात्यांचे वय आणि गुडघे धरले तर चार महिने. पावसाळ्यात काळ्या रानातून चालता येत नाही. म्हणजे निघायचे ते दिवाळीनंतर. हा हिशेब मी पाटीवर मांडून दाखवला. ‘दिवाळीनंतर’ हा शब्द मी तेव्हा सहज लिहिला. त्याच्याकडे पुढे यावे लागेल.

नदीच्या काठाने चालणे ही कल्पना मुळात वाईट आहे काय? मला तसे वाटत नाही. खरे सांगायचे तर मलाही तिची भुरळ पडते. १३१२ किलोमीटरच्या नर्मदेला दोन्ही काठांनी पायी प्रदक्षिणा घालणारे हजारो लोक आहेत. परंपरेने त्याला तीन वर्षे, तीन महिने, तेरा दिवस लागतात आणि वाटेत नदी ओलांडायची नसते. त्यावर मराठीत पुस्तकेही पुष्कळ निघाली आहेत. वाचताना मन हलते. परंतु एक गोष्ट मला नेहमी खटकते. चालणारा लिहितो की मी सर्वसंगपरित्याग केला, आणि पुढच्याच पानावर कोणा झोपडीतली आदिवासी बाई त्याला भाकरी करून वाढते. त्या बाईच्या घरात त्या रात्री किती भाकरी होत्या, हे पुस्तकात क्वचितच सापडते. यावर कोणी म्हणेल, भिक्खूही भिक्षेवरच जगत होते ना! होते. पण भिक्खूला एक वेळच्या अन्नाची मर्यादा होती, साठवायचे नाही असा नियम होता आणि ज्या दारी पात्र धरायचे त्या गावाला धम्म सांगण्याचे काम होते. स्वतःच्या पुण्याची झोळी भरण्यासाठी तो हिंडत नव्हता.

परदेशातले उदाहरण घ्या. एड स्टॅफर्ड नावाचा इंग्रज २ एप्रिल २००८ रोजी निघाला आणि ९ ऑगस्ट २०१० रोजी ॲमेझॉन नदीची संपूर्ण लांबी पायी चालून समुद्राला पोहोचला. असे करणारा तो पहिला माणूस. त्याच्या जिद्दीला मी सलाम करतो. पण पेरू देशातला गाडिएल सांचेझ रिवेरा, ज्याला ‘चो’ म्हणतात, तो जंगलात काम करणारा मजूर. थोडे दिवस वाट दाखवायला म्हणून आला आणि जवळजवळ दोन वर्षे, अगदी शेवटच्या लाटेपर्यंत बरोबर चालला. विक्रम म्हटला की पहिले नाव कोणाचे निघते, ते तुम्ही ओळखा.

आपल्या लोकांना चालणे नवीन नाही. बाजारच्या गावी सरपणाची मोळी घेऊन आपली आजी चालली. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला लोक कोस-कोस चालले. वाघ्या-मुरळी, वारी, जत्रा यांत चालले, आणि तिथेही मागे चालले. मात्र ज्या चालण्याने आपले काही बदलले ती पावले वेगळी होती. २० मार्च १९२७ रोजी महाडला परिषदेच्या मांडवापासून चवदार तळ्यापर्यंतचे अंतर ते किती! तरी बाबासाहेबांमागे चाललेल्या त्या मिरवणुकीचे पाणी आजही आपण पितो आहोत. ११ नोव्हेंबर १९७९ रोजी प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरच्या दीक्षाभूमीवरून औरंगाबादकडे लाँग मार्च निघाला. त्या माणसांना नदीकडून पुण्य नको होते, विद्यापीठाला नाव हवे होते. ते नाव १४ जानेवारी १९९४ रोजी मिळाले. माझ्या घराण्यातला पहिला पदवीचा कागद माझा, आणि त्या कागदावर ते नाव आहे.

हे सर्व मी तात्यांना सांगितले. ते म्हणाले, “ते समदं खरं. पर माझ्या गंगेचं काय?” म्हातारा मूळ प्रश्नावरून हलत नव्हता, चांगल्या विद्यार्थ्याचे हेच लक्षण आहे.

मग एका रविवारी आम्ही दोघे काठाने निघालो. फार नाही, सात-आठ किलोमीटर. वाळूच्या उपशाने पात्राला जागोजाग खड्डे पडलेले, मध्येच पाण्याची डबकी. तात्यांनी मला आमच्या गावाचे दोन घाट दाखवले. वरच्या अंगाला दगडी पायऱ्यांचा, तो गावाचा. प्रवाहाच्या खालच्या अंगाला नुसती उतरण, ती आपली. आपण शिवलेले पाणी गावाच्या घाटाकडे उलटे जाऊ नये, यासाठीची ही व्यवस्था. तात्यांचे बालपण त्या उतरणीवर गेले. वरून निर्माल्य यायचे, कपड्यांचा साबण यायचा, कधी मेलेले जनावर यायचे. ते हाताने बाजूला सारून घागर बुडवायची.

तासाभराने पुढचे गाव आले. तेथेही दोन घाट. तेथला वरचा घाट पाहून मी तात्यांना विचारले, “या घाटाला पाणी कुठून येते?”

“वरून. आपल्याकडून.”

“आपल्या गावाच्या कोणत्या घाटाकडून?”

तात्या थांबले. वळून मागे पाहिले. मग एवढे मोठ्याने हसले की पलीकडचा गुराखी बघू लागला. “म्हंजी इथला पुजारी रोज आपलंच शिवलेलं पाणी देवाला घालतुया!”

वाचकहो, नदी पूर्ण चालण्यात काही शहाणपण असेल तर ते मला इथे दिसते. एका गावात उभा राहिलेला माणूस वरचा घाट आणि खालचा घाट एवढेच पाहतो. दोन गावे चाललेल्या माणसाला समजते की प्रत्येक वरचा घाट हा कोणाचा तरी खालचा घाट आहे. विटाळ पाण्यातून वाहत असता तर समुद्रापर्यंत एकही देव सोवळा राहिला नसता. आणि पापाचेही तेच. नाशिकला धुतलेले पाप जर खरोखर पाण्यात उतरत असेल, तर पैठणच्या माणसाने ते प्यावे काय? विटाळ वाहत नाही हे मानायला आपण आनंदाने तयार होतो, कारण त्याचा चटका आपल्याला बसला आहे. पुण्यही वाहत नाही, हे मानताना मात्र पाय अडखळतो. पण विचार एकच आहे. अर्धा घेऊन अर्धा टाकता येत नाही.

हा विचार माझ्या आधी पुष्कळ शतके एका बाईने केला आहे. थेरीगाथेत पुण्णा नावाच्या थेरीची कथा येते. ती अनाथपिंडिकाच्या घरची दासी, पाणी भरणारी. कडाक्याच्या थंडीत मालकिणीच्या भीतीने तिला पाण्यात उतरावे लागे. तेथे एक ब्राह्मण कुडकुडत स्नान करीत होता. तिने त्याला विचारले, तू कोणाला भिऊन या थंडीत उतरला आहेस? तो म्हणाला, पाप धुण्यासाठी. तेव्हा पुण्णा म्हणाली की, मग बेडूक, कासव, मासे हे सगळे स्वर्गात जात असतील. आणि पाणी पाप वाहून नेत असेल तर पुण्यही वाहून नेईल, मग तुझ्याजवळ उरणार काय? विहिरीवरून, नदीवरून जन्मभर पाणी वाहणाऱ्या आपल्या आया-बहिणींना ही कथा जरूर वाचून दाखवा. पाण्याचे ओझे जिच्या डोक्यावर असते तिला पाणी काय करते आणि काय करत नाही, हे पंडितापेक्षा नीट कळते.

आता भीतीकडे येऊ. कारण तात्यांच्या घरातला खरा पाहुणा भीती हाच होता. याबाबत आपल्याच गोदाकाठची एक कथा आहे आणि ती आपल्या फार थोड्या घरांत माहीत आहे, याचे मला वाईट वाटते. सुत्तनिपाताच्या पारायणवग्गात ती आहे. बावरी नावाचा विद्वान ब्राह्मण कोसल देशातून दक्षिणेत येऊन गोदावरीच्या काठी, अश्मकाच्या मुलखात राहिला होता. त्याने मोठा यज्ञ करून सर्व दान दिले. नंतर एक दुसरा ब्राह्मण आला आणि पाचशे नाणी मागू लागला. बावरीजवळ काही उरले नव्हते. तेव्हा त्याने शाप दिला, सातव्या दिवशी तुझ्या मस्तकाची सात शकले होतील! बावरी भीतीने सुकून गेला, अन्न सुटले. शेवटी त्याला बुद्धाचे नाव कळले आणि त्याने आपले सोळा शिष्य त्याच्याकडे पाठवले.

हे शिष्य पायी गेले. प्रतिष्ठान म्हणजे आपले पैठण, तेथून माहिष्मती, उज्जयिनी, विदिशा, कौशांबी, साकेत, श्रावस्ती, कपिलवस्तू, कुशिनारा, वैशाली आणि शेवटी राजगृहाच्या परिसरात पाषाणक चैत्यापाशी त्यांना तथागत भेटले. नकाशावर बोट फिरवून पाहा! एका नदीच्या लांबीपेक्षा हे अंतर कमी नाही. आणि बुद्धांनी उत्तर काय दिले? शाप उलटवण्याचा मंत्र दिला नाही, शांतीसाठी दान सांगितले नाही. मस्तक म्हणजे अविद्या, आणि ते फोडणारी ती विद्या, असा अर्थ सांगितला. भीती जिथून उगवते ते ठिकाण दाखवले. सोळाही जणांनी मग आपापले प्रश्न विचारले.

आपल्या गंगथडीतून निघालेले हे चालणे मला सर्व प्रदक्षिणांहून मोठे वाटते. कारण ते फेडण्यासाठी नव्हते, विचारण्यासाठी होते. तात्यांना मी म्हणालो, “पाचशे नाणी दिली नाहीत म्हणून बावरी भ्याला, अन् चार महिने चाललो नाही म्हणून तुम्ही.” तात्या म्हणाले, “बावरी शिकलेला व्हता, तरी भ्याला?” मी म्हणालो, “भ्याला.” त्यांना त्याने फार बरे वाटले असे दिसले.

राहिला शीलाचा प्रश्न. अट्ठकथांमध्ये मुसावादाची चार अंगे सांगितली आहेत: गोष्ट असत्य असणे, फसवण्याचा हेतू असणे, त्यासाठी प्रयत्न करणे आणि समोरच्याने ते ऐकून तसे समजणे. तात्यांनी त्या रात्री जे म्हटले ते मनापासून म्हटले. तेव्हा फसवण्याचा हेतू नव्हता. आज ते पाळले नाही तर फसतो कोण? नदी समजू शकत नाही. म्हणून हा मुसावाद नव्हे. शास्त्राप्रमाणे उत्तर इथे संपते आणि अनेक वक्ते इथेच थांबतात. मला मात्र तात्यांचे ‘मला हायेत’ हे शब्द ऐकू येत राहिले. शब्द दिलेला माणूस स्वतः ऐकत असतो. आज एक शब्द सोयीचा नाही म्हणून सोडला, उद्या दीक्षेच्या प्रतिज्ञाही सोयीप्रमाणे सुटतील, ही भीती खोटी नाही. धर्म बदलला की जुने सगळे देणे बुडाले, असे मानणारा माणूस मलाही नको आहे. जुन्या सावकाराचे पैसे आपण बौद्ध झाल्यावरही फेडतोच ना!

तेव्हा आम्ही तो शब्द उकलून पाहिला. त्यात दोन धागे होते. एक नदीच्या कोपाची भीती. दुसरा, या लेकरासाठी मी माझे पाय झिजवीन, हा. पहिला धागा दीक्षेबरोबर तुटला. तो पुन्हा बांधणे म्हणजे प्रतिज्ञा मोडणे. दुसऱ्याचे देणे नदीला नव्हतेच. ते नातवाला होते, आणि ते अजून शिल्लक आहे.

आणि इथे माझ्या पाटीवरचा ‘दिवाळीनंतर’ हा शब्द समोर येतो. आपल्या बीड जिल्ह्यात दिवाळीनंतर काय होते, हे मी तुम्हाला सांगायला नको. मुकादमाची उचल घेतलेली असते, टोळ्या भरतात, नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ होतो आणि पश्चिम महाराष्ट्राच्या, कर्नाटकाच्या कारखान्यांकडे गाड्या निघतात. तात्यांचा मुलगा आणि सून असेच जातात. ज्या घरात म्हातारे माणूस मागे राहते त्या घरातले मूल शाळेत राहते. ज्या घरात कोणी राहत नाही, ते मूल फडावर जाते, वाढे गोळा करते, धाकट्याला सांभाळते आणि चैत्रात परत येते तेव्हा त्याला बाराखडी आठवत नाही. हंगामी वसतिगृहे आहेत, ती पुरी पडत नाहीत. माझ्या वर्गात दर वर्षी कार्तिकात किती बाके रिकामी होतात ते मी मोजतो. गेली बारा वर्षे मोजतो आहे. तात्या चार महिने नदीकाठाने चालले असते, तर पाचवीतला तो नातू कुठे असता?

हे मी तात्यांना सांगितले नाही. मी फक्त विचारले, “तुम्ही निघालात तर पोराजवळ कोण राहील?” ते बराच वेळ पायाच्या अंगठ्याने माती उकरत बसले.

बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात पेटलेला तंटा हे दिले आहे, हे आपण जाणता. आजारी, म्हातारा आणि प्रेत अचानक दिसले ही कथा त्यांना पटली नाही. त्यांच्या लेखी नदी हा माणसामाणसांतील वाटणीचा, न्यायाचा प्रश्न होता. व्हाइसरॉयच्या मंडळात १९४२ ते १९४६ या काळात मजूर सदस्य असताना दामोदर, महानदी यांच्या योजनांमागे त्यांचीच दृष्टी होती. आपल्या गोदावरीचे पाहा. वर नाशिक-नगरची धरणे, खाली १९७६ साली पुरे झालेले जायकवाडी. पाऊस कमी पडला की वरचे आणि खालचे भांडायला उभे. समन्यायी वाटपासाठी २००५ साली राज्याला कायदा करावा लागला. आणि मांजरा? आपल्याच पाटोदा तालुक्यात बालाघाटात जन्मलेली ही नदी. तिच्यावरचे धनेगावचे धरण कोरडे पडले आणि एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. त्या वर्षीही काठाकाठावर आरत्या होत होत्या. नदीची ओटी भरणारा हात तिच्या वाळूच्या ट्रकला हात दाखवून पुढे सोडतो, हे आम्ही रोज पाहतो. पण हा विषय वेगळा आहे, पुन्हा केव्हातरी.

भगवान बुद्धही जन्मभर चालले. पावसाळ्याचे तीन महिने मात्र त्यांनी भिक्खूंना एका जागी राहायला लावले. कारण त्या दिवसांत हिंडताना कोवळे गवत आणि बारीक जीव पायाखाली चिरडतात, अशी लोकांची तक्रार होती. पाऊल कुठे पडते आहे याचा विचार सुटला की चालणे कितीही पवित्र असले तरी थांबावे, असा मी त्याचा अर्थ घेतो. तुम्हाला वेगळा अर्थ दिसत असेल तर कळवा.

दिवाळी झाली. एका पहाटे टोळी गेली. त्या दिवशी शाळा भरताना पाहिले, तर तात्या नातवाला घेऊन फाटकाशी उभे. डब्यात भाकरी त्यांनीच केलेली, जरा करपलेली. नातू आत पळाला. तात्या म्हणाले, “गुरुजी, पाय अजून शिवशिवत्यात बरं का.”

मी म्हणालो, “पोराला उन्हाळ्याची सुटी लागली, आईबाप परत आले, की आपण दोघे मंजरथपर्यंत जाऊ. सिंदफणा गंगेला मिळते तिथवर.”

“बघू.” मग जायला निघालेले तात्या परत फिरले. “ते बावरीचे सोळा जण. त्यातलं परत कोण आलं?”

पिंगिय परत आला, मी सांगितले. तो स्वतःही म्हातारा झाला होता. शरीराने पुन्हा तिकडे जाणे होत नाही, पण मन रात्रंदिवस तथागतांपाशीच असते, असे त्याने गोदेच्या काठी बसून बावरीला सांगितले.

“म्हंजी बावरी गेलाच न्हाई. हितंच बसून वाट बघितली त्यानं.”

“हितंच,” मी म्हणालो. तात्यांनी मान हलवली आणि संध्याकाळी शाळा किती वाजता सुटते ते विचारून ते घराकडे गेले.